गोळ्या दोघांनी खायच्या

“मी? बायकांच्या रोगाच्या गोळ्या मी खाऊ?”

नवरा अंगणात उभा राहून ओरडत होता. त्या आवाजानं दोरीवर वाळत घातलेले बोंबील दचकून पुन्हा पोहायला लागले. निदान मला तरी तसं दिसलं.

“आनि वर ताडी बंद? त्या दागतरनीला सांग, तूच खा!”

तीन महिने मला खाज येत होती. खाज म्हणजे अशी, की पालघरच्या बाजारात पाटीमागे उकिडवं बसून पापलेटाचा भाव सांगताना मी मध्येच उठून देवळाकडे बघत नमस्कार करायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई मोठी भाविक आहे. लघवीला आग, अंगावरून पिवळट-हिरवं, फेसाळ पाणी. सासू म्हणाली, “उष्णता हाय गो,” आणि धण्याचं पाणी सुरू झालं. मी ते इतकं प्याले की तालुक्यात कोथिंबीर महागली. मग माझीच अक्कल: नवऱ्यानं बोईसरच्या कारखान्यातून आणलेलं, जखमा धुवायचं औषध मी तिथे लावलं. दोन दिवस खेकड्यासारखी चालले.

शेवटी पालघरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, “वास येतो का?”

“बाई, मी म्हावरं विकते. माशाचा कुठला नि माझा कुठला, मला काय कळनार?”

त्या मोठ्यानं हसल्या. मग म्हणाल्या, “आंघोळ केल्यावर? ज्या दिवशी घरात मासळी नसते त्या दिवशी?”

येत होता. तीन महिने मी तो धंद्याचा वास समजून अंगावर वागवला होता. आमच्यात बाई स्वतःच्या वासाचा विचारच करत नाही. लोक नाकाला पदर लावतात, आपण पाटी उचलून पुढे चालायचं. इतकी वर्षं तसं चालल्यावर आपलंच अंग काही सांगतंय, हे ऐकू कसं यावं?

बाईंनी तपासलं, पाण्याचा थेंब काचेवर घेतला आणि मला दुर्बिणीतून दाखवला. त्यात जंतू वळवळत होते. शपथेवर सांगते, एकेक चिखलातल्या निवटी माशाएवढा! बाई म्हणाल्या, “दह्यासारखं घट्ट पांढरं जात असतं तर रोग वेगळा, औषध वेगळं. याला या गोळ्या, सात दिवस. आत साबण नको, औषधं ओतणं नको. आणि नवऱ्यालाही गोळ्या. पुरुषाला बहुतेक वेळा काही जाणवत नाही, पण जंतू त्याच्याकडे असतो. त्यानं घेतल्या नाहीत तर तुला पुन्हा होणार. गोळ्या संपेपर्यंत जवळ यायचं नाही, आणि ताडी-दारू दोघांनाही बंद, गोळ्या संपल्यावरही तीन दिवस. पोटात ढवळून येईल. कुणाकडून कुणाला आलं, यावर भांडू नका. ते मलाही सांगता येत नाही.”

मी भांडले नाही. नवराच भांडत होता. “म्हंजे मी भायेर जातो, असं बोलते ती?”

मला त्याचं उत्तर नको होतं. मला फक्त बरं व्हायचं होतं, आणि ते त्याच्या हातात होतं, याचाच राग येत होता.

एवढ्यात सासू घरातून आली. ओट्याच्या कोनाड्यातलं ताडीचं मडकं तिनं उचललं, माडाच्या बुंध्यात उपडं केलं आणि लेकाला म्हणाली, “खायच्या.”

बोंबील जागेवर आले. सात दिवस त्यानं मान खाली घालून, एरंडेल प्यावं तशा तोंडानं गोळ्या गिळल्या, आणि पुढचे तीन दिवसही ताडीकडे फिरकला नाही. माझी आग गेली, खाज गेली. बाजारात माझी भक्ती एकदम कमी झाली.

महिन्याभरानं आम्ही दोघी किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी पलटत होतो. मी विचारलं, “आये, तुमी त्या दिशी माझ्या बाजूनं कशा उभ्या राह्यलात?”

तिनं वर पाहिलं नाही.

“मला तीस वरसं हाय ते,” ती म्हणाली. “अजून हाय.”