सीटखालचा नारळ

माझ्या जुन्या गाडीतला एअरबॅगचा लाल दिवा काही केल्या विझेना, आणि खरं सांगते, मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. तो लागल्यापासून मुलगा अमेरिकेहून रोज फोन करत होता.

एरवी त्याचा फोन फक्त रविवारी. "बरी आहेस ना? औषधं घेतेस ना?" मी हो म्हटलं की संपलं. आयटीतली माणसं, जिथे बिघाड नाही तिकडे बघत नाहीत. गाडी त्याच्या पहिल्या नोकरीतली. परदेशी जाताना तो विकायला निघाला होता. मी म्हटलं, थांब, मी शिकते. पन्नाशी उलटल्यावर हडपसरच्या रहदारीत गाडी शिकलेल्या बाईला कशाचीच भीती राहत नाही, रिकाम्या घराची सोडून.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने मान हलवली. "काकू, सेन्सर गेलाय. पार्ट आता मिळत नाय. लागू द्या की दिवा, आपल्याला गाडी आपटायचीय कुठं?"

हे ऐकून मुलगा भडकला. "आई, त्याला हात लावू देऊ नकोस. एअरबॅग म्हणजे काय चेष्टा आहे? आपणच शोधू."

मग रोज सकाळी पार्किंगमध्ये आमची शाळा भरू लागली. फोन डॅशबोर्डला टेकवायचा, आधी बॅटरीची वायर काढायची आणि थोडा वेळ नुसतं थांबायचं. एअरबॅगच्या वायरींना लगेच हात लावायचा नाही, उगाच तोंडावर फुटायची. हे थांबणं मला फार आवडे. करायला काही नसे, म्हणून तो बोले. पाठ दुखते, लेकीला मराठी समजतं पण ती बोलत नाही, असं काहीबाही. एकदा म्हणाला, "बाबा असते तर एव्हाना त्यांनी मला मूर्खात काढलं असतं." ते गेल्यापासून त्याने त्यांचा विषय काढला नव्हता.

स्टीअरिंगखाली पाहून झालं, माझ्या सीटखाली झालं. शेजारच्या सीटखाली बघायची मला घाई नव्हती. शेवटी त्यानेच आठवण केली.

वाकून आत हात घातला, तर हाताला नारळ लागला. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की एक नारळ फोडायचा आणि एक गाडीतच ठेवायचा, तो वाटेत राखण करतो, ही आमच्या घरची रीत. हा राखणदार प्रत्येक गतिरोधकाला गडगडत जाऊन सीटखालच्या, एअरबॅगच्या वायरीच्या पिवळ्या प्लगवर आपटत होता. प्लग अर्धा बाहेर आला होता.

"आई! राखणीला ठेवलेल्या नारळाने एअरबॅग बंद पाडली?" तो पोट धरून हसला. त्याचं असं हसणं मी विसरूनच गेले होते. मीही हसले. प्लग दाबला, टक् वाजलं. बॅटरी जोडून चावी फिरवली. दिवा लागला आणि थोड्या वेळाने विझला.

"झालं! सुरुवातीला तेवढा लागणारच. विझला की समजायचं, सगळं ठीक आहे. चल, मग रविवारी बोलू."

फोन बंद झाला. नारळ मांडीवर घेऊन मी बसून राहिले. चावी पुन्हा फिरवून पाहिली. दिवा लागला, विझला. सगळं ठीक होतं. आता रविवारपर्यंत मला कोणी काही विचारणार नव्हतं.