रिकामा रकाना आणि ‘पाहिले’चा शिक्का

विमानाचा एखादा भाग सुरक्षित ठरवला जातो, तेव्हा सरकारच्या माणसाने तो स्वतः पाहिलेला असतो काय? एवढाच प्रश्न मी सोडवायला घेतला होता. मी विज्ञानाची निवृत्त शिक्षिका आहे. प्रश्न आधी लिहून मग उत्तराकडे वळण्याची सवय सुटलेली नाही.

प्रश्न घरातूनच आला. बहिणीची मुलगी पुंडलिकनगरात माझ्याकडे राहते. विमानातल्या आसनांचे धातूचे पाय बनवणाऱ्या एका कारखान्यात ती तपासनीस आहे. एका संध्याकाळी ती ताटासमोर नुसतीच बसून राहिली. धातूचा कठीणपणा मोजणाऱ्या यंत्राचे कॅलिब्रेशन, म्हणजे ते यंत्रच बरोबर मोजते का याची पडताळणी, मुदत उलटून गेली तरी झालेली नव्हती. तरीही त्यावर मोजलेल्या मालाच्या तक्त्यावर तिने सही करावी, असे तिच्या साहेबांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी सरकारी अधिकारी येणार होते, आणि तिला नोकरीत कायम करायचे की नाही, हेही त्याच महिन्यात ठरणार होते.

“अगं, मग ते अधिकारी मोजतीलच की,” मी म्हणाले.

“ते कुठं मोजतात, मावशी? ते आमचे कागद बघतात. सरकारनं कंपनीला मान्यता दिली. मोजायचं आम्ही, अन् सही बी आमचीच.”

“म्हणजे ज्याची उत्तरपत्रिका, त्यानेच तपासायची?”

“लई राग आला व्हय? तू बाहेरची परीक्षक म्हणून जायचीस, तवा सगळं मोजून बघायचीस का?”

फुलंब्रीकडच्या एका शाळेत मी प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गेले होते. तिथल्या तराजूची दांडी वाकलेली होती, तरी सगळ्या मुलांनी नोंदवलेली वजने दशांशापर्यंत अचूक होती. मला संशय आला होता. हे मी तिला सांगितले.

“मग काय केलंस?”

“गुणपत्रकावर सही केली.”

“का?”

“त्या शाळेतच जेवण झालं होतं. जिलेबी होती.”

“वा गं बाई! जिलेबीवर अख्खा वर्ग पास!” ती हसली आणि जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने सही केली नाही. रकाना रिकामा ठेवून शेऱ्यात लिहिले : यंत्राची पडताळणी बाकी. पुढे पडताळणी झाली, माल पुन्हा मोजला गेला आणि सगळा चांगला निघाला. साहेब म्हणाले, “काय मिळवलंस? माल तर चांगलाच होता.” ती म्हणाली, “चांगला होता हे आज कळलं, सर.” तिला कायम करण्याचे पत्र अजून आलेले नाही.

मला टोचते ते दुसरेच. पुन्हा मोजलेले आकडे भरण्यासाठी तिने तो जुना तक्ता काढला, तेव्हा तिच्या रिकाम्या रकान्याखाली अधिकाऱ्यांची सही आणि ‘पाहिले’ असा शिक्का होता. शेऱ्याबद्दल मात्र तिला कोणी काहीच विचारले नव्हते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मी ‘नाही’ असे लिहिते. पण ते एका कारखान्यातल्या एका पानावरून काढलेले आहे, आणि लिहिणारीनेही एकदा डोळे झाकून सही केलेली आहे. तेव्हा माझ्यावर विसंबू नका. ओळखीत कोणी तपासनीस असेल, तर शेवटची सही करणाऱ्याने वस्तू पाहिली होती की फक्त कागद, एवढे विचारा आणि माझे उत्तर स्वतः तपासून पाहा.