मेलेलं रोप घेऊन या

मिरजेच्या स्टँडवर पलूसच्या गाडीत चढले तेव्हा माझ्या काखेत गोणपाटात गुंडाळलेलं अनंताचं वाळकं रोप होतं. कंडक्टर ओळखीचा. एरवी मला बघितलं की "ह्याचं हाफ तिकीट काढू का?" म्हणून दात काढायचा. त्या दिवशी हसला नाही. "ताई, उतरा खाली," म्हणाला. "आप्पा गेलं की… परवा दुपारी. जेवून जरा लवंडलं, ते उठलंच न्हाईत." मी उतरले, गाडी निघून गेली, आणि भर गर्दीत मेलेलं रोप छातीशी धरून मी ढसाढसा रडले. बघणाऱ्यांना वाटलं असेल, काय बाई आहे, एका रोपासाठी रडतेय. वाटू दे मेलं.

आप्पा फौजेतले हवालदार. पेन्शनीत आल्यावर पलूसच्या रस्त्याला त्यांनी नर्सरी टाकली. बाकीच्यांच्या पाटीवर गुलाबाची चित्रं असतात, आप्पांच्या पाटीवर नर्सरीचं नावसुद्धा नव्हतं. 'मेलेलं रोप घेऊन या' एवढंच लिहिलेलं! नवखा माणूस हबकायचाच. अर्थ साधा होता. नेलेलं रोप जगलं नाही तर दुसरं फुकट, पण मेलेलं दाखवल्याशिवाय नाही. त्यामुळे पलूसच्या गाडीत हमखास एकदोघांच्या मांडीवर वाळक्या काटक्या असायच्या आणि आम्ही एकमेकांकडे बघून दवाखान्यात भेटल्यासारखं "तुमचं काय?" विचारायचो.

मी पहिल्यांदा गेले ती सोनचाफ्यासाठी. दुष्काळ नुकताच सरला होता. सासरे त्याच साली गेले, म्हणून आमचे हे पाटणहून सासूबाईंना आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये घेऊन आले. माझ्या लग्नाला पुरते सहा महिने झालेले. सासूबाई दारातून आत आल्या, परसात एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हितं चाफा न्हाई." झालं! त्यानंतर माझ्याशी बोलणं असं नाहीच. भाजीत मीठ कमी पडलं तरी "तिला सांग" असा निरोप लेकामार्फत. दर आठवड्याला ट्रंक काढायच्या, "मी आपली पाटणला जाते" म्हणायच्या. तिथे त्या एकट्या पडल्या असत्या, आणि 'सुनेनं सासूला हाकललं' हे माझ्या कपाळी कायमचं बसलं असतं. मी मनाशी धरलं, चाफा जगला तर ह्या राहतील.

नर्सरीत शिरताच फुललेला चाफा बघून मी त्याच्यावर हात ठेवला. आप्पा ओरडलेच. "फूल बघून रोप घिऊ नका ताई! फूल घरला जाईस्तवर गळतंय. बुंधा बघा, बुंधा." मग त्यांनी एक डबा उलटा करून मुळं दाखवली. त्यांच्याकडे रोपं सावलीत लाडात ठेवलेली नसत. "उन्हात उभं ऱ्हायलेलं रंगरूट हायत ही," म्हणायचे, "तुमच्या परसात गेल्यावर चक्कर यिऊन पडायची न्हाईत." आपलं रोप किती चांगलं हे सांगण्यापेक्षा गिऱ्हाइकाकडची जागा, ऊन, पाणी विचारण्यातच त्यांचा निम्मा वेळ जाई. मी त्यांनी सांगितला तसा खड्डा काढला, त्यात मुरूम घातला आणि कलम लावलं. एका महिन्यात मेलं.

नेलं परत. आप्पांनी पोतं अंथरलं, त्यावर रोप ठेवलं, माती झटकली, मुळं नाकाशी धरली. "पाणी लय झालं." मी शपथेवर सांगितलं, चार दिवसांनी एक तांब्या, त्याच्यावर थेंब नाही. त्यांनी दुसरं दिलं. तेही गेलं. आता मात्र मला लाज वाटायला लागली. आप्पांनी मूळ चिमटीत दाबलं, ते काळं, लिबलिबीत.

"ताई, तुमी खोटं बोलत न्हाई, आन मुळंबी खोटं बोलत न्हाईत. घरात आनिक कोण हाय?"

"सासूबाई."

"मग ह्या पोराला दोन आया हायत! दोघींनी चोरून दूध पाजलं आन पोर पोट फुगून गेलं. तिसरं देतो, पर तुमाला न्हाई. त्येंना घिऊन या."

पुढच्या रविवारी सासूबाईंना गाडीत घातलं. वाटभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आप्पांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, पाण्याचं नावही काढलं नाही. नुसतं म्हणाले, "आवं आक्का, पाटणला चाफ्याला पाणी कवा घालायचा?"

"पाटंचं. ह्ये उठायच्या आत," सासूबाई खुलून म्हणाल्या. "आता हितंबी तसंच…" आणि जीभ चावली. माझ्याकडे बघितलं. पदर तोंडाला लावून अशा हसल्या, अशा हसल्या, की मलाही आवरेना. त्या माणसानं आम्हाला प्रथमच एकमेकींसमोर हसवलं होतं.

"पाटणला उतार हाय, पाणी पळून जातंय. मिरजेची काळी माती पाणी धरून बसती," आप्पा म्हणाले. "आता पाळी लावा. एक डाव ह्यांची, एक डाव तुमची. आन घातलं की दुसरीला तोंडानं सांगायचं. लेकाकडनं निरोप चालणार न्हाई!"

तिसरा चाफा लागला तो अजून आहे, छपराच्या वर गेलाय. पण त्याआधी बोलणं लागलं. "आज मी घातलं गं," हे सासूबाईंचं माझ्याशी पहिलं सरळ वाक्य. त्यापाठोपाठ मग मीठ आलं, माहेरच्या गोष्टी आल्या, भांडणंही आली. ट्रंक पलंगाखाली गेली ती गेलीच.

त्या दिवशी स्टँडवरून परत येऊन मी सांगितलं, तेव्हा सासूबाई उंबऱ्यावरच बसल्या. अनंताचं गुंडाळं मी खुंटीला अडकवलं. टाकवेना. तीन आठवडे ते तिथंच होतं.

परवा मात्र त्यांनी ते काढलं. अंगणात पोतं अंथरलं, माती झटकली, मूळ नाकाशी धरलं, अगदी आप्पांसारखं. मग मोडून बघितलं. कट्कन आवाज आला, आत कुठं काळं नव्हतं.

"वाळून गेलंय गं. थेंब न्हाई मिळाला ह्याला."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? तुला वाटलं मी घातलं, मला वाटलं तू."

खरंच होतं. आताशा आमचं इतकं जमलं होतं की एकमेकींना सांगायची गरजच वाटेनाशी झाली होती. "आप्पा असतं तर दोघींना उन्हात हुबं केलं असतं," सासूबाई म्हणाल्या. हसायला गेल्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्याही.

दुपारी त्यांनी शेजारच्या अनंताची एक फांदी मागून आणली, डब्यात खोचली. संध्याकाळी मी चहा टाकत होते, तेव्हा परसातून हाक आली.

"ऐकलंस का गं? आज मी घातलं!"