प्रकाशच्या कॉलरचा चिमटा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि प्रकाशला तर — त्याला कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतो आहे.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरची ती वर्षं. धान निघालं की भंडाऱ्याबाहेरच्या कोरड्या बांधीत, म्हणजे धानाच्या रिकाम्या शेतात, आम्ही रिमोटच्या गाड्यांच्या शर्यती लावायचो. प्रकाशची गाडी इंजिनाची — धूर, वास, कान किटवणारा आवाज. माझी बॅटरीची. ती घरघरत सुटली की पोरं ओरडायची, "मिक्सर आला बे, मिक्सर!" मीही हसायचो. पण पोटात दुखायचं. बॅटरीच चांगली, हे मी ज्याला त्याला पटवत फिरायचो आणि लोक त्याच्या धुरामागे धावायचे.

आमच्या दोघांचे रिमोट एकाच नंबरचे, एकाच लहरीवर चालणारे. दोन्ही एकदम सुरू झाले, तर गाडी कुणाचंच ऐकत नाही. म्हणून कपडे वाळत घालायचा एक चिमटा ठेवला होता. ज्याच्या कॉलरला चिमटा, त्यानेच रिमोट सुरू करायचा. ही आमची शपथच होती.

त्या दिवशी चिमटा प्रकाशकडे होता. त्याचे वडील पहिल्यांदाच शर्यत बघायला आले होते. काका हातमागावर कोशाचं रेशमी कापड विणायचे, माग सोडून कुठे जात नसत. प्रकाशची गाडी सगळ्यांच्या पुढे, आणि काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला ते बघवेना. का? माझ्यासाठी तशा टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या — एवढंच.

मी पिशवीत हात घातला आणि माझा रिमोट सुरू केला.

गाडी जरा भरकटेल, एखादी फेरी हुकेल, असं वाटलं होतं. पण इंजिन पूर्ण जोरात अडकलं. गाडी बांधावरून उडाली आणि थेट काकांच्या घोट्यावर आदळली. ती त्यांच्याकडे चाललेली मला दिसत होती. बटण बंद करायचं सुचलंच नाही — नाही, हेही खोटं. सुचलं होतं. हात हलला तर कुणी बघेल, याची भीती वाटली.

घोटा जुळला, पण वाकडा. मागाची पावडी त्या पायाने पुन्हा दाबता आली नाही. माग बंद पडला. प्रकाशने इंजिन दगडाने फोडलं, आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "म्हणूनच सांगत होतो तुले, बॅटरीची घे." हो, हे मी म्हणालो. पुढच्या हंगामात सगळ्यांनी बॅटरीच्याच गाड्या आणल्या.

काका मात्र म्हणायचे, "इंजिनाले काहून दोष देता? मीच मधात उभा होतो."

सांगायचं ठरवून किती वेळा त्यांच्या दारात गेलो! पाऊसपाण्याचं बोलून परत आलो. परवाही गेलो. काका झोपले होते, प्रकाश त्यांचा पाय चेपत बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माह्यामुळंच गेला ना बे बाबाचा पाय?"

मी चहा पीत राहिलो.

चिमटा त्याच्या कॉलरला होता. बटण मी दाबलं.