शेपटीवरून विमान ओळखणारे आप्पा

आभाळातलं जेट विमान कुठल्या देशाचं आहे, हे नंदुरबारच्या मातीवर उभं राहून सांगणारा माणूस एकच होता, आणि तो बहुतेक वेळा चुकायचा. आमचे शेजारी, मिरचीवाले आप्पा. एकोणीसशे साठ नुकतंच उलटलं होतं आणि मी तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवायला लागलो होतो. हिवाळ्यात गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर लाल मिरची वाळत पडायची. त्या जागेला तिकडे पथारी म्हणतात. आप्पा दिवसभर आपल्या पथारीवर असत, पण नजर वर. आभाळात पांढरी रेघ उमटली की कपाळावर आडवा हात धरून ते जाहीर करत, ‘‘मास्तर, हाई हॉलंडनं शे. निळी शेपटी दिसनी नही का तुमले?’’ मला शेपटी दिसत नसे. खरं सांगायचं तर विमानही दिसत नसे.

या वेडाचं मूळ कॅलेंडरांत होतं. मुंबईचा एक व्यापारी आप्पांना दरवर्षी विमान कंपन्यांची जुनी कॅलेंडरं आणून द्यायचा. त्यांच्या पेढीत जपान, फ्रान्स, हॉलंड, ऑस्ट्रेलिया असे सगळे देश एका रांगेत टांगलेले होते आणि देवाचा फोटो कोपऱ्यात पोत्यांमागे गेला होता. एका दिवाळीत घाईघाईत त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, लक्ष्मीऐवजी फ्रान्सच्या विमानाला हळदकुंकू लावलं. त्या वर्षी भाव बरा लागला, त्यामुळे आप्पांनी ते पुसू दिलं नाही.

एकदा मात्र त्यांनी माझी चांगलीच पंचाईत केली. सगळ्या कॅलेंडरांवर विमान एकच कसं, असं त्यांनी विचारलं. तीच चार इंजिनं, तीच लांबोडी मान, फक्त शेपटीचा रंग वेगळा. मी समजावलं, की एकच कारखाना विमान बनवतो आणि सगळे देश तिथूनच विकत घेतात. आप्पा विचारात पडले, मग एकदम खुलले. ‘‘म्हंजे धानोराना सुतारनं गत! गाड्या समद्या त्यान्याच. पन पोळाले शिंगं रंगाई दिधात का, कोन्हा बैल कोन्हा ते समजस.’’ हे ऐकून मला आधी समजलेलंही कळेनासं झालं. मग हे देश एकमेकांशी भांडतात कशाला, असं त्यांनी पुढे विचारलं. मी तास असल्याचं सांगून निघालो.

पुढे त्यांची एकुलती एक लेक, इंदू, नवऱ्याबरोबर विलायतेला जायला निघाली. निरोप घ्यायला आलेल्या जावयाने सांगितलं, की तिकीट एका कंपनीचं आहे, विमान दुसरीचं असेल आणि बदलायचं तिसऱ्याच देशात. आप्पांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी विसरणार नाही. आयुष्यभराची विद्या पाण्यात गेली होती. पण खरी काळजी काकूंची होती. आगगाडीत बसलं की त्यांना भोवळ यायची, त्यामुळे मुंबईला पोचवायला जाणं शक्य नव्हतं. पोर आभाळातून जाणार, या धसक्याने त्यांनी अन्नच टाकलं. ‘‘मन्ही पोर आभायमा जाई ऱ्हायनी आनि तुम्ही कॅलेंडर दखी ऱ्हायनात,’’ असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. तेव्हा आप्पांनी शब्द दिला, ‘‘तुले तुन्ही पोरनं इमान दखाडसू.’’

आता विमान ओळखायचं कसं? आप्पांनी उलटी तोड काढली. आपल्याला विमान ओळखू येत नसेल, तर विमानाने आपल्याला ओळखावं. सगळ्यांच्या पथाऱ्या लालच, म्हणून इंदू निघायच्या दिवशी त्यांनी मिरचीच्या ऐन मधोमध जागा करून काकूंना हिरवंगार लुगडं नेसवून उभं केलं. तिखटाने काकू शिंकून शिंकून बेजार झाल्या होत्या. कामावरच्या बायाही हात थांबवून वर बघत होत्या.

पहिली रेघ उमटली आणि काकू पदर हलवू लागल्या. आप्पा ओरडले, ‘‘ते नही! ते मुंबईले जाई ऱ्हायनं. इंदी मुंबईथीन ई ऱ्हायनी!’’ काकूंनी पदर खाली घेतला. बऱ्याच वेळाने दुसरी रेघ उलट दिशेने निघाली. ‘‘हाईच! हाईच इंदीनं!’’ काकूंनी दोन्ही हात वर केले, मध्येच शिंकल्या, पुन्हा हात वर केले. रेघ सातपुड्याकडे विरून गेली.

‘‘तिनी माले दखं व्हई का?’’ काकूंनी विचारलं.

‘‘दखं म्हंजे! हात बी हालाडा तिनी.’’

काकू पदराने नाक पुसत घरी गेल्या. मी भूगोलाचा माणूस, मला राहवेना. मी आप्पांजवळ जाऊन हळूच म्हणालो, की विलायतेचं विमान मुंबईहून सरळ समुद्रावरून जातं. नंदुरबारवर येतच नाही.

आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘माले ठाऊक शे, मास्तर. पन ती जेवे नही ना. आते घरमा जाईसन दखा, भाकर खाई ऱ्हायनी.’’

एवढं बोलून ते विस्कटलेली मिरची सारखी करू लागले. मीही त्यांच्या शेजारी वाकलो.

आता आप्पाही नाहीत, काकूही नाहीत. दोघांची फार आठवण येते. त्या दिवशी आमच्या डोक्यावरून गेलेलं विमान कुणाचं, असं आज मला कुणी विचारलं, तर इतकी वर्षं भूगोल शिकवूनही मी इंदूचंच म्हणून सांगेन.