लाल पत्रांची लाइन

सोमवारी सकाळी ऑफिसला पोचलो तर कॉरिडॉरमध्ये ही लांब लाइन. मोजायला लागलो, वीसनंतर सोडून दिलं. माझी पत्रं लागू पडली होती! तिथूनच आमच्या डीनला, लिंडाला, फोन लावला. म्हटलं, "लगेच खाली ये. बघच."

गोष्ट २००२ सालची. आयटीतला माझा जॉब आदल्या वर्षी गेला होता आणि कॅरी गावाजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी 'स्टुडंट सक्सेस' प्रोजेक्टचा मॅनेजर झालो होतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, स्वस्त, कुणालाही प्रवेश देणारं कॉलेज. प्रोजेक्ट चालायचा ग्रँटवर. ग्रँट म्हणजे सरकारी पैसा, पण लिहून दिलेलं काम करून दाखवायच्या अटीवर. आम्ही लिहून दिलं होतं, की बेसिक गणिताचा वर्ग अर्ध्यात सोडणाऱ्यांची गळती कमी करू. नाही झाली, तर पुढच्या वर्षी ट्यूटर नाहीत आणि मीही नाही.

ट्यूटरिंग रूम तयार होती. नवे कॉम्प्युटर, नव्या खुर्च्या, विद्यार्थी सोडून सगळं. मग माझ्यातला प्रोग्रामर जागा झाला. प्रत्येक विद्यार्थ्याला हिरवा, पिवळा किंवा लाल ठरवणारा प्रोग्राम मी लिहिला. लाल असेल त्याला आपोआप पत्र: 'आपण या विषयात नापास होण्याची दाट शक्यता आहे. त्वरित येऊन भेटावे.' घरी मोठ्या कौतुकाने ते वाचून दाखवलं. बायको, संध्या, म्हणाली, "कोर्टाचं समन्स वाटतंय." मी म्हटलं, तुला यातलं काय कळणार.

लिंडा खाली आली. आधी लाइनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मिलिंद, ही लाइन ट्यूटरिंगची नाही. शेजारच्या खिडकीची आहे."

"म्हणजे?"

"ड्रॉप फॉर्म. वर्ग सोडायचा अर्ज. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. तुझी पत्रं हातात घेऊनच आलेत सगळे."

गळती थांबवायला नेमलेला प्लंबर मी, आणि नळ माझ्याच हाताने उघडला होता.

"आता काय करू?"

"पत्र पाठवताना मला विचारलं होतंस?" लिंडा म्हणाली. "जा, बोल त्यांच्याशी."

ट्यूटरिंग रूममधलं टेबल ओढत ओढत लाइनच्या तोंडाशी आणलं. हातात सगळ्यांच्या मार्कांच्या प्रिंटआउटचा गठ्ठा. पहिला नंबर डार्लीनचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. कापड गिरणी बंद पडली म्हणून नर्सिंगला जायला निघालेली, आणि गणिताशिवाय नर्सिंगला प्रवेश नव्हता.

"ते पत्र मी लिहिलंय," मी कबूल केलं.

"असं होय, हनी? टायपिंग छान आहे." तिच्या फॉर्मवर सहीसुद्धा झाली होती.

मी तिचं पान काढलं. टेस्टमध्ये अठ्ठ्याहत्तर. एकही तास चुकलेला नाही. मग ही बाई लाल कशी? खाली बघितलं. 'शेवटचं गणित किती वर्षांपूर्वी केलं?' या प्रवेश अर्जातल्या प्रश्नाला तिने चौतीस लिहिलं होतं. आणि दर वर्षाला एक लाल गुण, हा नियम अस्मादिकांचा.

"तुम्ही नापास बिपास होत नाही आहात," मी म्हटलं. "तुम्ही फक्त... बऱ्याच वर्षांनी आला आहात."

"म्हणजे तुझा कॉम्प्युटर मला म्हातारी म्हणतोय."

"हो. सॉरी."

तिने पान माझ्या हातून घेतलं. अठ्ठ्याहत्तरवर बोट ठेवून दोनदा बघितलं. मग फॉर्म टरकावला आणि लाइनकडे वळली.

"थांबा रे सगळे! आधी याच्याकडून आपापले मार्क बघून घ्या. हा माणूस चुकतो."

इतकी खणखणीत शिफारस मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. दिवसभर मी पानं उलटत होतो, माफी मागत होतो, आणि डार्लीन शेजारी बसून एकेकाला ट्यूटरिंग रूममध्ये ढकलत होती. काहींनी फॉर्म दिलाच. पण दुपारी खुर्च्या कमी पडल्या आणि लिंडाच्या ऑफिसातल्या आणाव्या लागल्या. मी एक खुर्ची डोक्यावर घेऊन जिना उतरलो, अक्षरशः पळत.

गळती कमी झाली. ग्रँट पुढच्या वर्षीही मिळाली. डार्लीन पास झाली, नर्सिंगला गेली, पण जाण्याआधी नवं पत्र तिनेच लिहून दिलं: 'मीही अडकले होते. मंगळवारी दहाला या, एकत्र बसू.'

ते संध्याला दाखवलं. "हं, हे झालं पत्र," ती म्हणाली.

तेव्हापासून कुठलंही पत्र पाठवण्याआधी मी तिला वाचून दाखवतो. तसं आधीही दाखवायचो. आता ती काय म्हणते तेही ऐकतो.