सर्व्हर बदलला तो डिसेंबर

१४ डिसेंबर, रविवार, सकाळचे दहा. स्थळ: प्रताप नगर, आमच्या घरची बैठक.

हजर: मी, माधुरी. माझे यजमान श्रीकांत. यांचं कुठल्याच सर्व्हरवर खातं नाही, पण चहा आणि एक्स्टेन्शन बोर्डाची जबाबदारी यांच्याकडे. रामटेकचे किसनभाऊ, धानाची शेती करतात, सकाळच्या पहिल्या एसटीने आले. कळमेश्वरची नंदा, एमआयडीसीत मशीन चालवते, त्या दिवशी तिची सुट्टी. बाकीचे आठ जण व्हिडिओ कॉलवर, येत-जात. पुण्याहून अमोल, हाही व्हिडिओवरच.

गैरहजर: आशाताई. कारण कळवलेलं नाही.

हे मी दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहिते आहे. जे त्या दिवशी आमच्याबरोबर निघाले त्यांच्यासाठी, आणि जे निघाले नाहीत किंवा दुसरीकडे कुठे गेले त्यांच्यासाठी. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमचं सोशल नेटवर्क एका कंपनीचं नाही. त्यात हजारो छोटेमोठे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालवणारा वेगळा, नियम वेगळे. पण सगळे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे आपल्या सर्व्हरवरून कुठल्याही सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येतं. आमचा सर्व्हर होता ‘सावली’. अमोल मूळ नागपूरचा; त्याने तो हौसेने काढला आणि एकट्याने चालवला. नियमित येणारे आम्ही बारा जण, सगळे नागपूर आणि आजूबाजूचे. दसऱ्याला अमोलने लिहिलं, ‘आता एकट्याला झेपत नाही. ३१ डिसेंबरला बंद करतो आहे. तोवर सगळ्यांनी दुसरीकडे सोय करा.’

मी त्याच दिवशी वही काढली. एका कॉलेजच्या ऑफिसात वीस वर्षं नोंदी ठेवते आहे, दुसरं काही सुचत नाही.

घर हलवणं मला नवीन नाही. बाबांची सरकारी नोकरी, दर तीन-चार वर्षांनी बदली. मी दहा वर्षांची असताना आम्ही रामटेक सोडलं. ट्रक दारात उभा होता, आई हातात यादी घेऊन पायरीवर उभी होती, आणि मी शेजारच्या सुमनला शोधत होते. आई म्हणाली, “मागे वळून नंतर बघ, आधी नग मोज.” मी मोजले. पाटा-वरवंटा धरून त्रेचाळीस. सगळे उमरेडला पोचले, एक कपही फुटला नाही. सुमन मात्र यादीत नव्हती. नवा पत्ता तिला कोणी दिलाच नाही, कारण तो ठरलेला नव्हता. पुढे ती कुठे गेली ते मला आजतागायत माहीत नाही.

सर्व्हर बदलताना प्रकार उलटा असतो. नव्या सर्व्हरवर खातं काढायचं, त्यात जुन्या खात्याचं नाव नोंदवायचं, मग जुन्या खात्यातून ‘मूव्ह’ करायचं. आपल्याला फॉलो करणारी माणसं आपोआप मागोमाग येतात. आपण लिहिलेलं मात्र येत नाही. त्याची फाइल उतरवून घरी ठेवता येते, पण नव्या जागी ती मांडता येत नाही.

हे मी समजावलं तेव्हा किसनभाऊंनी बशी खाली ठेवली. “म्हंजे ताई, मानसं येतीन, सामान नाही येनार?”

“हो.”

“मंग रडून काहून राहिले सारे? आमच्या गावात उलटं होते. सामान येते, मानसं मुंबईलेच राहतात.”

नंदा हसली. “भाऊ, तुमचे चार वर्षांचे फोटो जातीन ना पन.”

“जाऊ दे वं. वावर तं तिथंच हाय.”

खरी काळजी मला सामानाची नव्हती. आशाताईंची होती.

आशाताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. धंतोलीत एकट्या राहतात. रोज सकाळी साडेसहाला त्या सर्व्हरवर लिहायच्या, ‘हजेरी. आज कोण कोण?’ आणि प्रत्येकाने दारातून दिसणारी एक गोष्ट लिहायची. किसनभाऊंचा बांध, नंदाच्या बसस्टॉपवरची पोहेवाली, कोणाच्या गॅलरीतला सुकलेला कढीपत्ता. इतर सर्व्हरवरचेही चारेकशे लोक ही हजेरी बघायचे. दोन दिवस कोणी दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन यायचा. मला चिकनगुनिया झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी आला होता. “माधुरी, दोन खाडे. कारण?” तोवर आमची भेटही झालेली नव्हती.

आता त्या स्वतः ३१ तारखेच्या आत निघाल्या नसत्या, तर ती चारशे माणसं आणि आम्ही अकरा जण एका दिवसात त्यांच्या हातून गेलो असतो. सगळ्यांची हजेरी घेणाऱ्या बाईंची हजेरी घ्यायला कोणी उरलं नसतं.

रविवारी सकाळपासून त्यांना चार वेळा फोन केला. उचलला नाही. मी त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावलं आणि पुढच्या कामाला लागले.

नवा सर्व्हर आम्ही महिनाभर चौकशी करून निवडला होता. सहा जण मिळून चालवतात, देशभरातले लोक आहेत, कुठल्याही भाषेत लिहिता येतं. अट एकच, अर्जात एक प्रश्न असतो: ‘तुम्हाला इथे का यायचं आहे?’ उत्तर मॉडरेटर, म्हणजे देखरेख करणारे, स्वतः वाचतात आणि मग प्रवेश देतात. बारा जण उत्तरं लिहीत बसले तर दिवस जाईल, म्हणून मी आदल्या दिवशीच एक उत्तर तयार करून सगळ्यांना पाठवलं होतं: ‘आम्ही नागपूर परिसरातील नियम पाळणारे सदस्य असून आपल्या सर्व्हरवर सामील होऊ इच्छितो. कृपया प्रवेश मिळावा ही विनंती.’ रविवारी अकरा जणांनी ते उतरवलं, चिकटवलं, पाठवलं. पस्तीस मिनिटांत काम झालं. श्रीकांत म्हणाले, “तू तर जनगणना करून राहिली.” मला ती शाबासकी वाटली.

दुपारी दोनला अकराही अर्ज नामंजूर झाले.

अमोलने कॅमेऱ्यासमोर कपाळावर हात मारला. “काकू, एकाच गावातून एका तासात अकरा सारखे अर्ज! त्यांना वाटलं असेल कोणीतरी खोटी खाती काढून राहिलं आहे.” तसंच झालं होतं. मॉडरेटरांचा निरोप सभ्य होता. तुम्ही खरी माणसं असाल तर पुन्हा अर्ज करा, पण प्रत्येकाने स्वतःचं लिहा.

किसनभाऊंची परतीची एसटी चारची होती. तेच आधी म्हणाले, “ताई, तुमचं अक्षर चांगलं हाय, पन तोंड माहं असू द्या ना.” आणि मोबाइल घेऊन गॅलरीत गेले. त्यांनी लिहिलं: ‘जुन्या सर्व्हरचा मालक थकला. मले रोज वावराचा एक फोटो टाकाची सवय हाय. कोनाले दाखवू?’ नंदाने लिहिलं: ‘आठ घंटे मशीनसमोर जातात. मशीन माह्यासंग बोलत नाही, म्हून.’ कॉलवरचे सगळे एकेक करून लिहायला लागले. मी काय लिहिलं? ‘या सर्वांची व्यवस्था पाहण्यासाठी.’ मंगळवारपर्यंत अकराही जणांना प्रवेश मिळाला. फॉलोअरही आले.

आशाताईंचा फोन बुधवारी लागला. आवाज खडू फळ्यावर आपटल्यासारखा.

“माझं उत्तर तू का लिहिलंस?”

“वेळ वाचावा म्हणून हो.”

“अडतीस वर्षं मी कॉपी केलेल्या वहीला शून्य दिलंय. आणि तू मलाच कॉपी पुरवतेस?”

“चुकलंच माझं. बाकीच्यांनीही मग स्वतःचंच लिहिलं. तुम्हीही लिहा. चौदा दिवस आहेत.”

“बघू गं,” म्हणाल्या आणि ठेवला.

त्यानंतर दहा दिवस ‘सावली’वर त्यांची हजेरी रोज साडेसहाला येत राहिली. आम्ही नव्या सर्व्हरवरून उत्तरं देत होतो. त्या अजून जुन्या घरात, आम्ही नव्या. अमोलने तारीख पुढे ढकलायची तयारी दाखवली, पण सर्व्हरच्या जागेचा करारच संपत होता. मी रोज वही उघडून त्या प्रश्नचिन्हाकडे बघायचे. आईने कधी प्रश्नचिन्ह लावलं नसतं. तिच्या यादीतल्या वस्तू आपल्या पायाने येणाऱ्या नव्हत्या.

शनिवारी, २७ तारखेला, मी धंतोलीला गेले. वही घरी ठेवली.

आशाताईंनी चहा केला. जेवणाच्या टेबलावर एक दोनशे पानी वही उघडी होती आणि पानभर खोडलेल्या ओळी. मी वाचू नयेत म्हणून त्यांनी वर चष्म्याचं घर ठेवलं.

“प्रश्न सोपा नाही गं,” त्या म्हणाल्या. “का यायचंय? खरं लिहिलं तर दयेचा अर्ज होतो. म्हातारी, एकटी, सकाळी बोलायला कोणी नाही. मला तसं कोणाच्या दारात जायचं नाही. आणि खोटं मला लिहिता येत नाही.”

ओठांवर तीन-चार उत्तरं आली होती, सगळी व्यवस्थित. मी चहा पीत राहिले.

थोड्या वेळाने मी विचारलं, “शाळेत पहिल्यांदा अर्ज केलात तेव्हा काय लिहिलं होतं?”

“तेव्हा? तेव्हा मी माझ्यासाठी काही मागितलंच नव्हतं. मला शिकवता येतं, एवढंच लिहिलं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू जरा बाल्कनीत जा.”

मी गेले. समोर एक माणूस स्कूटरवर काचेचं कपाट बांधत होता आणि त्याची बायको त्याला दोर कसा चुकतोय ते सांगत होती. पंधरा मिनिटांनी हाक आली. आशाताईंनी फोन माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं: ‘मला रोज सकाळी हजेरी घ्यायची सवय आहे. वर्ग मिळेल का?’

“पाठवू?”

“मला विचारू नका,” मी म्हटलं.

त्या हसल्या आणि पाठवलं. मंजुरी तासाभरात आली. खाली मॉडरेटरची एक ओळ होती, वर्ग तयार आहे, काही मुलं दंगेखोर आहेत. मग त्यांनी जुन्या खात्याचं नाव नोंदवलं, चष्मा पुसला, आणि ‘मूव्ह’ स्वतः दाबलं. फॉलोअर शून्य. मग तीन. मग एकोणीस. आम्ही दोघी तो आकडा वाढताना बघत बसलो. “अरे, हा गुवाहाटीचा आला,” त्या म्हणत. “ती कोझिकोडची डॉक्टर अजून दिसत नाही. तिला वाटलं तर यावं, नाही तर नाही. आली!”

३१ तारखेला ‘सावली’ बंद झाली. पत्त्यावर गेलं की आता कोरं पान दिसतं. चार वर्षांचं आमचं सगळं बोलणं, त्या ‘दोन खाडे’च्या फोनआधी आशाताईंनी हजेरीत माझ्या नावापुढे लिहिलेला ‘कुठे आहेस?’ हा प्रश्नसुद्धा, एका फाइलमध्ये माझ्या लॅपटॉपवर आहे. मी ती अजून उघडलेली नाही. वाईट वाटत नाही असं नाही. पण उमरेडला सगळे नग पोचले तेव्हा जे वाटलं होतं, तसं वाटत नाही.

नव्या जागेच्या पद्धती वेगळ्या आहेत. फोटो टाकला की त्यात काय आहे ते शब्दांत लिहावं लागतं, कारण इथे काही सदस्यांना दिसत नाही. त्यांचा फोन ते वर्णन वाचून दाखवतो. मला वाटलं किसनभाऊ कंटाळतील. त्यांनी लिहिलं: ‘धान कापून झालं. खाली खुटं राहिले. बगळे सात. आठवा उडून राहिला म्हून अर्धाच आला.’ म्हैसूरच्या एका अंध गृहस्थांनी ते भाषांतर करून ऐकलं आणि विचारलं, बांध कुठल्या बाजूला वळतो? आता किसनभाऊ रोज आधी वर्णन लिहितात आणि मग फोटो काढायला जातात. “चार वर्षं फोटो काढले,” मला म्हणाले, “पन पायलं आत्ता.”

हजेरी साडेसहालाच असते. आता मराठीच्या शेजारी हिंदी, असमिया, मल्याळम येतं. पावसात भिजलेलं बसस्टँड, कोणाची मांजर, कोणाचा बंद पडलेला गिझर. मध्यंतरी नंदा दोन दिवस दिसली नाही. तिसऱ्या दिवशी तिला फोन गेला आशाताईंचा, आणि त्याआधी गुवाहाटीहून एक निरोप. ती भावाच्या लग्नाला गेली होती. “जीव खाऊन राहिले सारे,” ती म्हणाली, पण मांडवातून फोटो टाकला. मला कोणी विचारलं की तुमचं गाव कुठलं, तर मी अजून रामटेकच सांगते, नंतर नागपूर. पण घर म्हटलं की आता मला ती जागा आठवते जिथे आपले दोन खाडे कोणाच्या तरी लक्षात येतात. ती उचलून दुसरीकडे नेता येते हे मला या डिसेंबरात कळलं.

इथली आणखी एक रीत आहे. नव्या माणसाने पहिल्या काही दिवसांत आपला परिचय लिहायचा आणि तो खात्यावर सगळ्यात वर लावायचा. काम काय करता हे नाही, तर तुम्ही कोण, काय आवडतं, वाटेत काय दिसलं की थांबता. बारापैकी अकरा झाले. किसनभाऊंचा तर तीन भाषांत गेला. माझे चार मसुदे झाले आणि चारही सभेच्या इतिवृत्तासारखे वाटतात. आशाताईंना दाखवले नाहीत. त्या मदत करणार नाहीत आणि ते बरोबरच आहे.

आज सकाळच्या हजेरीत त्यांनी माझ्या नावापुढे लिहिलं, ‘हजर. गृहपाठ अपूर्ण.’ परिचय लिहायचा राहिला आहे.